दुखलं तर ओरडू नका, डॉक्टर घाबरतात

कॅन्सर व्हायचाच असेल तर कोकणात होऊ देऊ नका. झालाच तर दुखू देऊ नका. आणि दुखलंच, तर डॉक्टरांसमोर तसं बोलून दाखवू नका.

आमच्या तालुक्याचे डॉक्टर एरवी धीट. फुरसं चावलेला माणूस रात्री दोनला आणा, लुंगीवरच खाली येऊन सलाईन लावतील. पण माझा चुलतभाऊ 'मॉर्फिन' म्हणाला, म्हणजे अफूपासून होणारं, असह्य दुखण्यावरचं औषध, तेव्हा त्यांनी आधी पेनाला टोपण लावलं, मग दार लोटलं. "ह्यां नाव हयसर काढू नको रे बाबा." चिठ्ठीवर पॅरासिटामॉल. काकांचा जबडा पोखरलेला, रात्रभर पडवीत येरझाऱ्या, आणि औषध म्हणजे वणव्यावर टाकलेली चूळ! तरी तक्रार करू नका. डॉक्टरांना बेड्या दिसत असतात.

त्यांचंही खरंच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात किमान १० वर्षं सक्तमजुरी आली. तस्कर डगमगले नाहीत, डॉक्टर मात्र घाबरले. त्या वर्षी देशात सुमारे ६०० किलो मॉर्फिन लागलं होतं. १९९७ मध्ये १८ किलोवर भागलं. लोकांनी दुखणं मनावर घेणं सोडलं असावं. अफू मात्र मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्यावर पिकते आणि परदेशातही जाते. त्यात नवल वाटून घेऊ नका, हापूस दुबईला आणि आपल्याला रायवळ, ही सवय आहेच की.

२०१४ मध्ये कायदा सुधारला, मॉर्फिन 'अत्यावश्यक' ठरलं, पाच-पाच परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता आणि प्रशिक्षित डॉक्टर पुरे, हे डॉक्टरांना ऐकवायला जाऊ नका. "आणि वहीत एक गोळी कमी भरली तर?" असं विचारतील. त्यापेक्षा कोकणकन्या पकडा, मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल गाठा. वेटिंग असेल तर दारात बसा. दुखणाऱ्याला तशीही झोप नसते.

भावाने तेच केलं. दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात घालून आणल्या. चार-चार तासांनी एक. तिसऱ्या रात्री काका घोरले, आणि घाबरून सगळं घर उठून बसलं.

काका गेले तेव्हा डब्यात अकरा गोळ्या उरल्या होत्या. तुमच्याकडे उरल्या तर त्या परत द्यायला जायचा शहाणपणा करू नका. भाऊ गेला होता. डॉक्टरांनी डबा उघडून पाहिला आणि पुन्हा दार लोटलं. या खेपेला भाऊ बाहेर होता.