पाईपचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये राहत नाही म्हणे

जळगाव-भुसावळकडच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, कोणी लिनक्स शिकायला लागलं की त्याला पाठवतातच. म्हणणं असं की पाईप (| हे चिन्ह, एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देतं) लावला की व्हेरिएबल रिकामं राहतं, म्हणून आउटपुट कायम टेम्प फाईलमध्ये टाका, आणि तरी व्हेरिएबलमध्ये घेतलंच तर शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) सगळ्या ओळी एकत्र करून टाकतो.

आधी रिकाम्या व्हेरिएबलचं बघू. इको ५ | रीड क्ष असं लिहून पुढच्या ओळीत क्ष छापला तर बॅश या शेलमध्ये काहीच येत नाही, हे खरंय भो. पण कारण असं की बॅश पाईपमधली प्रत्येक कमांड वेगळ्या सबशेलमध्ये (शेलच्या तात्पुरत्या प्रतीत) चालवतो, रीडला ५ मिळतो, क्षमध्ये बसतोपण, आणि सबशेल संपला की क्षसुद्धा गेला. पटत नसेल तर रीड आणि इको दोन्ही महिरपी कंसात घालून पाईपच्या उजवीकडे ठेव, ५ छापून येतो. झेडशेल नावाच्या दुसऱ्या शेलमध्ये तर साधं लिहिलं तरी चालतं, तिथे शेवटची कमांड चालू शेलमध्येच होते. बॅशलाही २०११ च्या ४.२ पासून तसंच करणारं लास्टपाईप ऑप्शन आहे, पण एवढ्या खटाटोपापेक्षा अख्खा पाईपच डॉलर-कंसात घाल ना:

भाव=$(ग्रेप रावेर केळी.टेक्स्ट | टेल -१)

म्हणजे केळीच्या भावांच्या फाईलमधून ग्रेप रावेरच्या ओळी शोधतो आणि टेल त्यातली शेवटची घेतो. (टाइप करताना इंग्रजीत हां, व्हेरिएबलचं नावसुद्धा, बॅशला देवनागरी नाव चालत नाही. आणि बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस नको.)

टेम्प फाईल? आउटपुट खूप मोठं असेल तर घे खुशाल. पण एकाच ठरलेल्या नावाची फाईल असली आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) दोन स्क्रिप्ट एकदम चालल्या की एकीचं आउटपुट दुसरीवर चढतं. घ्यायचीच तर मेकटेम्पने घे, ती कमांड दरवेळी वेगळ्या नावाची फाईल देते.

आता ओळींचं, इथे तर शेलवर नाहक आळ आहे. व्हेरिएबलमध्ये ओळी जशाच्या तशा असतात, फक्त शेवटच्या न्यूलाइन डॉलर-कंस कापतो. घोळ होतो तो इको $भाव असं कोट न लावता लिहिल्यावर, मग शेल त्याचे तुकडे पाडतो आणि इको ते एकेका स्पेसने जोडून छापतो. त्याहून गंमत म्हणजे आवक नाही अशा गावापुढे यादीत नुसती चांदणी (*) असेल तर तिच्या जागी चालू फोल्डरमधल्या फाईलींची नावं येतात, केळीच्या भावात तुझे फोटो! डबल कोट लाव, विषय संपला.

मेसेजमध्ये खरं सांगायला हवं होतं ते वेगळंच. भाव=$(कर्ल … | टेल -१) मध्ये नेट गेलं, कर्ल (नेटवरून मजकूर आणणारी कमांड) पडला, तरी टेलला रिकामं इनपुट चालतं, म्हणून एक्झिट कोड ० (म्हणजे सगळं ठीक) येतो आणि स्क्रिप्ट रिकामा भाव घेऊन पुढे निघते. त्याला सेट -ओ पाईपफेल लागतं, मग पाईपमधली कुठलीही कमांड पडली तरी अख्खा पाईप पडला असं धरलं जातं. मात्र मग ग्रेपला रावेर सापडलं नाही तर कोड १ येणार, आणि सेट -ई (कमांड पडली की थांब) पण लावलेलं असेल तर स्क्रिप्ट तिथेच बंद, त्यामुळे ग्रेपची ती केस आधी हाताळून ठेव.