मायलेजपलीकडचं १९९८

१९९८च्या छोट्या गाड्यांवरच्या एका लेखात मारुती झेन, ह्युंदाई सँट्रो, देवू मॅटिझ आणि टाटा इंडिका यांची तुलना किंमत आणि मायलेज एवढ्यावरच उरकली आहे. त्यात खरा फरक राहूनच गेला. झेन १९९३ ची. ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं हलकं इंजिन, पाच गिअर, चालवायला मजा. पण मागे बसणाऱ्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकायचे आणि तेव्हा तिला कार्ब्युरेटरच (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना यांत्रिक भाग) होता. मारुती ८००चंही तेच. हिवाळ्यात सकाळी चोकचा, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा, खटका ओढायचा, इंजिन घुर्र करून बंद पडलं की परत चावी फिरवायची, मग हळूहळू चोक आत ढकलायचा. सँट्रो-मॅटिझ १९९८ मध्ये आल्या त्या थेट एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) घेऊन, त्यामुळे ही कटकटच संपली. सँट्रोच्या उंच टपाला लोक तेव्हा नाकं मुरडायचे, पण साडी नेसलेल्या बाईला किंवा गुडघेदुखीच्या आजोबांना त्या सीटवर वाकावं लागत नसे, नुसतं टेकायचं. घरात गाडी कुठली घ्यायची हे अशा गोष्टींवर ठरतं हो!

इंडिका डिझेलचा आवाज आणि थरथर मान्य. तरी १४०५ सीसी आणि मागे तीन माणसं ऐसपैस, तेही छोट्या गाडीत! टॅक्सीवाल्यांनी ती उगाच नाही उचलली.

आणि फियाट उनो कुठे गेली? कुर्ल्याच्या कारखान्यात संप झाला नसता तर या तुलनेत तिचंही नाव आलं असतं. सिएलो, एस्टीम या डिकीवाल्या मोठ्या गाड्या मात्र यात ओढू नयेत, त्यांचं गिऱ्हाईकच वेगळं.