‘लागण शंभर टक्के’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत मेडिकल दुकान चालवते. गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी काउंटरवर मोबाइल पुढे करून मला एकच मेसेज दाखवला. मजकूर असा: “लग्न ठरलेल्यांनी नक्की वाचा. हर्पिस झालेल्या माणसाशी एकदा जरी संबंध आला तरी लागण शंभर टक्के. अंगावर फोड नसतील तेव्हा मात्र भीती नाही. कंडोमचा काही उपयोग होत नाही. हा रोग बाहेरख्याली माणसांनाच होतो. लग्नाआधी रक्त तपासा, पॉझिटिव्ह आलं तर सोयरीक मोडा.”

तिसरा मुलगा रात्री साडेनऊला आला, शटर अर्धं खाली ओढलं होतं तेव्हा. आधीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत तो ग्लुकोजच्या डब्यांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, “काकी, हे खरं हाय काय?” एमआयडीसीत नोकरी, साखरपुडा झालेला, मे महिन्यात लग्न. दोन वर्षांपूर्वी त्याला गुप्तांगावर फोड आले होते आणि स्किनच्या डॉक्टरांनी हर्पिस टाइप २ असं निदान केलं होतं. (हर्पिस म्हणजे फोड आणणाऱ्या विषाणूचा आजार. त्याचे दोन प्रकार: टाइप १ बहुतेक ओठावर येतो, टाइप २ बहुतेक गुप्तांगावर.) घरात कुणालाच माहीत नाही. त्याच्या डोक्यात दोनच वाटा होत्या. एक तर काहीतरी कारण काढून लग्न मोडायचं, नाही तर गप्प बसायचं आणि फोड नसतील तेव्हाच बायकोजवळ जायचं. या दोन्ही वाटा त्याला त्या मेसेजनेच दाखवल्या होत्या, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. त्याला विचारूनच मी हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘लागण शंभर टक्के’ यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त माणसं याच वाक्याने खचतात.

२००४ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १,४८४ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला टाइप २ हर्पिस होता, दुसऱ्याला नव्हता. निम्म्या जोडप्यांत बाधित जोडीदाराला रोज वॅलॅसायक्लोव्हिर या विषाणूला आवर घालणाऱ्या औषधाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली, निम्म्यांत नुसतीच दिसायला तशी, औषध नसलेली गोळी. फोड असताना संबंध टाळा आणि कंडोम वापरा, असा सल्ला सगळ्यांनाच होता. आठ महिन्यांनी पाहिलं तर औषध नसलेल्या गटात दुसऱ्या जोडीदाराला लागण झाली होती ३.६ टक्के जोडप्यांत. औषधाच्या गटात १.९ टक्के. म्हणजे खरं औषध न मिळालेल्या शंभर जोडप्यांपैकीसुद्धा शहाण्णव जोडप्यांत आठ महिन्यांत लागण झाली नाही. ही जोडपी एकमेकांशी एकनिष्ठ होती, तब्येतीने धडधाकट होती आणि काय चाललंय हे दोघांनाही माहीत होतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. प्रत्येकाला हाच आकडा लागू होईल असं मी म्हणणार नाही. बाईला पुरुषाकडून लागण होण्याची शक्यता उलट दिशेपेक्षा जास्त असते, आणि वर्षं जातील तशी जोखीम साठत जाते. तरीही हा आकडा शंभरपासून खूप लांब आहे.

दुसरं वाक्य, ‘फोड नसतील तेव्हा भीती नाही’. हे ऐकायला दिलासा देणारं आहे आणि सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं.

हा विषाणू एकदा शरीरात शिरला की कमरेच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथून तो अधूनमधून त्वचेवर येतो. कधी फोड उठवतो, कधी काहीच दिसू न देता नुसता त्वचेवर उतरतो आणि परत जातो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ असलेल्या लोकांनी रोज स्वतःच्या त्वचेवरून कापसाच्या बोळ्याने नमुने घेतले. ज्यांना कधी ना कधी फोड येत होते त्यांच्यात साधारण दर पाचव्या दिवशी विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात एकदाही फोड आल्याचं आठवत नव्हतं त्यांच्यातही दर दहा दिवसांतून एक दिवस सापडला. नव्या जोडीदाराला होणाऱ्या लागणीपैकी बऱ्याच लागणी अशाच, काही दिसत नसताना होतात. त्यातल्या अनेकांत ज्याच्याकडून लागण झाली त्याला आपल्याला हर्पिस आहे हेच ठाऊक नसतं.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, फोड असताना लांब राहणं हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. फोड यायच्या एक-दोन दिवस आधी त्या जागी मुंग्या येतात, जळजळ होते, मांडीत नाही तर कुल्ल्यात चमक निघते. बऱ्याच जणांना हे ओळखता येतं. तेव्हापासून खपली पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध नको. उरलेल्या दिवसांसाठी गोळी आणि कंडोम.

कंडोमबद्दल मेसेज सरळ खोटं बोलतो. अर्धी खरी गोष्ट एवढीच की कंडोम सगळी कातडी झाकत नाही. जांघेत, अंडकोषावर, कुल्ल्यावर विषाणू असेल तर तिथून लागण होऊ शकते. पण आफ्रिकेतल्या जोडप्यांच्या माहितीवरून २०१६ साली जो हिशोब मांडला गेला, त्यात कंडोममुळे पुरुषाकडून बाईकडे जाणारी लागण ९६ टक्क्यांनी आणि बाईकडून पुरुषाकडे जाणारी ६५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. इतर काही अभ्यासांत फायदा याहून कमी दिसला आहे. शून्य मात्र नाही.

दुकानदार म्हणून इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लोक मलमाची ट्यूब मागतात. “अ‍ॅसायक्लोव्हिरची ट्यूब द्या, लावतो, म्हणजे तिला काही होणार नाही.” गुप्तांगाच्या हर्पिसवर ट्यूबचा उपयोग फारसा होत नाही, आणि जोडीदाराचं संरक्षण तर तिने होतच नाही. काम करतात त्या पोटात घ्यायच्या गोळ्या. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी देत नाही आणि कुणी दिल्या तरी घेऊ नका; डोस मूत्रपिंडाच्या तब्येतीवर ठरतो. त्याहून वाईट म्हणजे खाजेसाठीची स्टेरॉइड मिसळलेली क्रीम. ती फोडांवर चोळून जखम चिघळवून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘बाहेरख्याली माणसांनाच होतो’ याला मी फार जागा देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालच्या जगातल्या ६४ टक्के लोकांच्या शरीरात टाइप १ हर्पिस आहे. त्यातल्या बहुतेकांना तो लहानपणी आजीच्या, मावशीच्या मुक्यातून मिळालेला असतो. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा झुबका उठतो, ‘ताप उतला’ म्हणतो आपण, तो हाच. टाइप २ सुद्धा १५ ते ४९ वयाच्या सुमारे १३ टक्के लोकांत आहे. एकाच माणसाशी संबंध आलेल्यालाही तो होतो. ओठावर फोड असताना, किंवा नसतानाही, मुखमैथुनातून टाइप १ गुप्तांगावर जातो. तिथे तो टाइप २ पेक्षा कमी वेळा उलटतो, म्हणून आपला टाइप कोणता हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. पुढचा सगळा अंदाज त्यावर अवलंबून आहे.

जाता जाता नागिणीबद्दल. वडिलांच्या कमरेवर नागीण उठते, कागदावर ‘हर्पिस झोस्टर’ लिहिलेलं असतं आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. नागीण वेगळ्या विषाणूने होते, कांजिण्यांच्या. लैंगिक संबंधांशी तिचा काही संबंध नाही, आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो हेही खरं नाही. गेरूचा लेप लावत बसण्यापेक्षा पहिल्या तीन दिवसांत डॉक्टर गाठावा.

आता रक्ताची तपासणी. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण या एका ओळीपायी मुलींचे हाल होताना मी बघितले आहेत.

एका मुलीचा दोनदा गर्भपात झाला. गरोदरपणात त्रास देऊ शकणाऱ्या काही संसर्गांसाठीची टॉर्च नावाची रक्ततपासणी झाली, त्यात हर्पिसची आयजीजी पॉझिटिव्ह आली. सासूबाईंनी तो कागद माझ्या काउंटरवर ठेवला आणि सुनेसमोर मला विचारलं, “हिचं आधी कुठं काय होतं काय हो?” ती पोरगी फरशीकडे बघत होती. रिपोर्टवर टाइप १ आणि २ मिळून एकच आकडा होता. असा रिपोर्ट कुणाबद्दल काहीही सिद्ध करत नाही. आयजीजी म्हणजे शरीराने कधीतरी या विषाणूशी ओळख करून घेतली आहे, एवढंच. कधी, कुणाकडून, ओठावर की खाली, यातलं काही त्या आकड्यात नसतं. टाइप १ ची आयजीजी तर सासूबाईंची स्वतःचीही पॉझिटिव्ह येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

टाइप २ ची वेगळी आयजीजी केली आणि आकडा जेमतेम रेषेच्या वर असला, तर ती चुकीची पॉझिटिव्हही असू शकते. दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. उलट नव्याने लागण झालेल्या माणसात प्रतिपिंडं (आयजीजी तपासणी रक्तात शोधते ती, विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली) तयार व्हायला काही आठवडे लागतात, पूर्ण भरवसा ठेवायचा तर १२ ते १६ आठवडे. तोवर निगेटिव्ह येऊ शकते. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाच्या तपासणीवर तर विसंबूच नये. कुठलीही तक्रार नसलेल्या माणसांची सरसकट हर्पिस तपासणी करा असं अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्थाही सांगत नाही, ते यामुळेच. फोड ताजा असताना त्यातला द्राव घेऊन केलेली, विषाणू थेट शोधणारी पीसीआर, हीच सगळ्यात नेमकी तपासणी. तेव्हा फोड दिसला की लपवून वाळवू नका, दोन दिवसांच्या आत दाखवा. आपल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयांत अशा तक्रारींसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे समुपदेशक असतो, उपचार मोफत असतात, चारचौघांत काही सांगावं लागत नाही. १०९७ या मोफत क्रमांकावरही विचारता येतं.

मुलगा म्हणाला, “काकी, पण मूल? कंडोम लावून पोर कसं हुईल?” हा प्रश्न त्या मेसेजमध्ये नाही, आणि आपल्याकडे लग्न झाल्या वर्षात सगळे हेच विचारायला लागतात. मूल हवं असेल तेव्हा नवऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची गोळी चालू ठेवायची, किंचितही लक्षण असेल त्या दिवसांत संबंध टाळायचे, आणि दिवस राहिले की पुन्हा कंडोम. बायकोला लागण नसेल तर शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त जपायचं. त्या काळात संबंध न ठेवणंच बरं. गरोदरपणाच्या अखेरीस आईला पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला लागण होण्याचा धोका ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. तिला लागण जुनी असेल तर तोच एक टक्क्याहूनही कमी असतो. जुनी लागण असलेल्या आईला ३६व्या आठवड्यापासून गोळ्या देतात, आणि कळा सुरू होताना फोड किंवा ते येण्याची लक्षणं असतील तर सिझेरियन. पण हे सगळं प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तरच जमतं. लपवलेली गोष्ट नेमकी इथे बाळाच्या जिवावर येते.

एवढं ऐकून तो म्हणाला, “म्हंजे सांगायचंच.” मी त्याला आणखी एक आकडा दिला. ज्यांना जोडीदाराकडून टाइप २ ची लागण झाली अशांचा एक अभ्यास २००६ साली आला. जोडीदाराने स्वतःचं दुखणं सांगितलं नव्हतं, तिथे निम्म्या जणांना ६० दिवसांच्या आतच लागण झाली होती. सांगितलं होतं, तिथे निम्म्यांना लागण व्हायला २७० दिवस लागले. बोलल्यावर दोघं मिळून जपतात, म्हणून हा फरक पडतो.

कसं सांगू, हेही त्याने विचारलं. मी म्हटलं, घरच्यांच्या गराड्यात नको, फोनवर नको. आपल्याला काय झालंय, कधी झालं, टाइप कोणता, डॉक्टर काय म्हणाले आणि तिला जपायला आपण काय करणार, एवढं बोल. तिला विचार करायला वेळ दे. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे.

रविवारी संध्याकाळी तो तिला रंकाळ्यावर घेऊन गेला. पुढचे बारा दिवस तिचा फोन नव्हता. तेराव्या दिवशी दोघं स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन माझ्या दुकानात आली. तिच्या हातात शाळकरी वही होती, त्यात प्रश्न लिहून आणलेले. काही डॉक्टरांना विचारून झाले होते, त्यांच्यावर काट मारलेली. पहिला मात्र तिने माझ्यासाठी ठेवला होता.

“काकी, लहानपणी मला सारखा ताप उतायचा, हितं, ओठाच्या कडंला. ते पण हेच असतंय काय?”

“बहुतेक त्यातलाच टाइप १,” मी म्हटलं. “पण त्याने टाइप २ ची लागण टळत नाही. गोळी आणि कंडोम तेवढंच पाळायचं.”

तिने त्या प्रश्नावर काट मारली आणि वहीचं पान उलटलं.