जुन्या गॅस गीझरचा फॉरवर्ड आणि त्यातली बंद खिडकी

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो, यंदाबी आलाच. "जुना गॅस गीझर घरीच नवा करा, मेकॅनिकला पैसे देऊ नका" असं हेडिंग आणि खाली उपाय: पेटत नसेल तर सेल बदला, पाणी कोमट येत असेल तर आत ॲसिड फिरवा, ज्योत पिवळी असेल तर चांगलंच, ती जास्त तापवते, मधीच बंद पडत असेल तर सेन्सरच्या वायरी डायरेक्ट जोडा, आणि ऊब टिकायला खिडकी बंद ठेवा, वास येत नाही तोवर धोका नाही. मी गीझर रिपेअरिंगचं काम करतो म्हणून बऱ्याच जणांनी मलाच पाठवला, "भो, खरंय का हे?"

सेलचं अर्धं खरं आहे. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात, उतरले की ठिणगीची टिकटिक मंद होते, मग बदला, पण बदलताना डबीतली स्प्रिंगबी बघा, जुना सेल गळून तिच्यावर खार चढलेला असतो, तो सँडपेपरनं घासला नाही तर नवे सेल टाकून उपयोग नाही. आता टिकटिक जोरात आहे आणि तरी पेटत नाही, तर गॅस पोचत नाहीये. आणि सेल नवे असून टिकटिकच नाही, तर बहुतेक वेळा भानगड पाण्याची असते. नळ सोडला की पाणी आतला रबरी पडदा ढकलतं, पडदा पिन ढकलतो, पिननं स्विच दबतो, मग ठिणगी आणि मग गॅस. टाकी बाथरूमच्या डोक्यावर स्लॅबलाच टेकवून ठेवली असेल तर दाब कुठून येणार, दहा फूट उंचीला जेमतेम 0.3 बार मिळतो. गीझरच्या तोंडाशी, पाणी आत शिरतं तिथं, बारीक जाळी असते, ती काढून बघा, बोअरची वाळू नि शेवाळ निघतं.

कोमट पाण्याचं तर गणितच आहे. मिनिटाला 6 लिटरवाला गीझर पाण्याचं तापमान साधारण 25 डिग्री वाढवतो. उन्हाळ्यात टाकीतलंच पाणी 30 असतं, 55 नं येतं, भाजतं. डिसेंबरात पहाटे टाकीत 14 असलं तर 39 च येणार. गीझर म्हातारा नाही झाला, नळ थोडा बारीक करा बस. क्षार साचतो हे खरं, आपलं बोअरचं पाणी जडच आहे, पण संडासाचं ॲसिड तांब्याच्या कॉइलमधी नि पितळी जोडात घालायचं म्हणजे गळती विकत घेणं. कॉइल खोलून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून घ्यायची, नंतर भरपूर पाणी सोडायचं.

पिवळी ज्योत जास्त तापवते म्हणे! ज्योत निळीच पाहिजे. पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय, गॅस अर्धवट जळतोय, काजळी धरतेय आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतोय. बर्नरमधी फुफाटा गेलेला असतो नाहीतर कोळ्यानं जाळं केलेलं असतं, जुन्या गीझरमधी हे कायमचंच.

सेन्सर म्हणजे धोका दिसला की गॅस बंद करणारा भाग, त्याच्या वायरी डायरेक्ट जोडायच्या नाहीत, विषय संपला. आणि बऱ्याच मॉडेलमधी 20 मिनिटांनी आपोआप बंद व्हायचा टायमरच असतो, लोक त्यालाच बिघाड समजतात.

आता खिडकी. बाकी चुकलं तर पैसे जातील, इथं माणूस जातो. पाच बाय सात फुटाचं बाथरूम, उंची आठ फूट, म्हणजे आत साधारण 8 घनमीटर हवा. असा गीझर सलग चालला तर तासाला किलोभर गॅस खातो, अर्ध्या तासात अर्धा किलो, आणि तेवढा गॅस जळायला 6 घनमीटरच्या आसपास हवा लागते. घरातले तिघं लागोपाठ आंघोळीला गेले, दार-खिडकी बंद, तर शेवटच्याला काय उरलं? हवा पूर्ण संपायची वाटबी बघावी लागत नाही, ऑक्सिजन जरा उतरला की ज्योत बिघडते आणि मोनॉक्साईड वाढतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्याला जो वास येतो तो न जळलेल्या गॅसमधी मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन नावाच्या उग्र वासाच्या रसायनाचा, म्हणजे "वास नाही तर धोका नाही" हे उलटंच झालं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, चक्कर येते, पायातलं बळ जातं आणि कडी हाताशी असून उघडता येत नाही.

"काय व्हस त्यामा, दहा वर्षापासून असंच चालू आहे" म्हणणारे भेटतात. दहा वर्षापूर्वी ज्योत निळी होती ना भाऊ. गीझर बाथरूमच्या बाहेर, बोळीत नाहीतर गॅलरीत लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाईप न्या. ते जमतच नसेल तर वर आणि खाली दोन्हीकडं कायमची उघडी जाळी पाहिजे, खाली यासाठी की गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत बसतो. आणि बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळ करा.

सेल, जाळी, वरची धूळ घरीच करा, त्याला मला बोलवू नका. गॅसच्या बाजूला पाना लावू नका, गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं उघडी, लाईटच्या बटनाला हात नाही आणि बाहेर येऊन गॅसगळतीच्या हेल्पलाईनला, 1906 ला फोन. कॉइलला हिरवे डाग पडून पाणी ठिबकायला लागलं तर मात्र झाळत बसू नका, भंगारवाल्याला तांब्याचा भाव विचारा.