सांता क्लारा काउंटीत बेघर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बेघर व्हायचेच असेल, तर माणसाने निदान गाव तरी चांगले निवडावे. त्या दृष्टीने कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. ॲपलचे मुख्यालय कुपर्टिनोत, गूगलचे माउंटन व्ह्यूत, हवा जवळजवळ बारा महिने सुखाची, आणि चौघांच्या कुटुंबाचे मध्यक उत्पन्न २०२४च्या सरकारी हिशेबाप्रमाणे वर्षाला १,८४,३०० डॉलर. एवढ्या सुबत्तेच्या सावलीत बेघर होण्याचे भाग्य सगळ्यांनाच लाभत नाही. २०२३च्या गणतीत ते ९,९०३ जणांना लाभले होते, २०२५च्या गणतीत १०,७११ जणांना. मागणी वाढते आहे, तेव्हा निर्णय लवकर घेतलेला बरा.

घर गमावण्यासाठी व्यसन, जुगार किंवा आळस यांपैकी काहीतरी अंगी असावे लागते, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती सोडून द्यावी. इथे पूर्णवेळ नोकरी पुरते. याच काउंटीतील सॅन होजे शहरात २०२५ साली किमान वेतन ताशी १७.९५ डॉलर होते. आठवड्याला चाळीस तास राबले, तर करकपातीपूर्वी महिन्याचे सुमारे ३,१०० डॉलर होतात आणि दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचे भाडे ३,००० डॉलरच्या आसपास, बहुधा वरच असते. उरलेल्या रकमेत कर, मुलांचे खाणेपिणे, औषधपाणी आणि मोटारीचा विमा भागवावा. घरमालक सहसा भाड्याच्या तिप्पट उत्पन्नाचा पुरावा मागतो. तो आपल्याजवळ नाही हे त्याला अर्ज वाचल्यावर कळते, अर्जाचे शुल्क तो आधी घेतो. जुन्या इमारतींतील भाडेवाढीवर राज्याने मर्यादा घातली आहे, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे: वर्षाला पाच टक्के अधिक महागाईचा दर, आणि सगळे मिळून दहा टक्क्यांच्या पुढे नाही. पगारवाढीला अशी कोणतीही मर्यादा नाही. ती आपण कितीही मागू शकता. भाडे थकले की तीन दिवसांची नोटीस येते. शनिवार, रविवार आणि न्यायालयाच्या सुट्ट्या त्यात मोजत नाहीत, एवढी माणुसकी कायद्याने राखली आहे.

मात्र घर गेले म्हणजे आपण बेघर झालो, असे लगेच समजू नये. नवखे लोक इथेच फसतात. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या व्याख्येप्रमाणे भावाच्या दिवाणखान्यातील सोफ्यावर झोपणारा माणूस गणतीत बेघर धरला जात नाही. स्वतःच्या खिशातून पैसे देऊन मोटेलात राहणाराही धरला जात नाही. तेच पैसे एखाद्या धर्मादाय संस्थेने भरले, तर त्याच खोलीत, त्याच गादीवर तो बेघर ठरतो. शिक्षण खात्याचा नियम निराळा असून, घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे आश्रयाला आलेले मूल तिथे बेघर मानले जाते. परिणामी एकाच सोफ्यावर निजलेल्या मायलेकरांपैकी लेकरू बेघर आणि आई सुस्थितीत, असा चमत्कार रोज रात्री घडतो आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही.

मदतीच्या रांगेतील ‘दीर्घकालीन बेघर’ ही वरची पायरी गाठायची असेल, तर काही अपंगत्व किंवा दीर्घ आजार हवा आणि बारा महिने सलग, किंवा तीन वर्षांत चार खेपांमध्ये मिळून बारा महिने, रस्त्यावर अथवा निवाऱ्यात काढलेले असावेत. याचा पुरावा लागतो. तंबूत राहत असताना कागदपत्रे कोरडी कशी ठेवावीत, हे ज्याने त्याने पाहावे. सलग सात रात्री कोणाच्या छपराखाली गेल्या की साखळी तुटते. तेव्हा थोरल्या बहिणीने आजारपणात आग्रहाने घरी नेले, तर सहा रात्रींचा पाहुणचार घेऊन सातव्या संध्याकाळी निग्रहाने नदीकाठी परतावे. आपल्या नातेवाइकांना माणसाला राहवून घेण्याची वाईट खोड असते. ती अशा वेळी फार महागात पडते. रुग्णालयात किंवा तुरुंगात जायचे झाल्यास नव्वद दिवसांच्या आत बाहेर यावे. तेवढी रजा मंजूर आहे.

पुढची पायरी प्रश्नोत्तरांची. या काउंटीत वर्षानुवर्षे एक प्रश्नावली वापरली गेली, जिच्यात आपल्या दुर्दशेला गुण मिळत. गेल्या सहा महिन्यांत किती वेळा रुग्णवाहिकेतून गेलात, कोणी मारहाण केली का, तुरुंगात होतात का, असे प्रश्न. एकट्या माणसासाठी एकूण सतरा गुण होते: आठ किंवा अधिक मिळाले तर कायमच्या घरासाठी शिफारस, चार ते सात मिळाले तर काही काळ भाड्याला मदत, आणि त्याखाली शुभेच्छा. दहावीच्या गुणवत्ता यादीवर पोसलेल्या मराठी माणसाला हे चटकन उमगावे. फरक इतकाच की इथे स्वच्छ राहणारा, वेळेवर कामावर जाणारा आणि ‘तसा मी बरा आहे’ असे संकोचाने सांगणारा उमेदवार हमखास नापास होतो. घरी चार माणसांत अब्रू झाकून बोलण्याची जी शिकवण मिळाली, ती मुलाखतीपुरती विसरावी.

शिफारस झालेल्यांची यादी पुढे सरकेपर्यंत झोपायचे कुठे? निवारे आहेत. ते कमी आहेत, हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. २०२३च्या गणतीत चारपैकी तीन बेघरांना छप्पर नव्हते. खाट मिळाली तरी नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे, कुत्रा बाहेर, सामान एका पिशवीपुरते, आणि रात्रपाळी करणाऱ्याने दार बंद होण्याची वेळ सांभाळून नोकरी करावी. पालो आल्टोहून सॅन होजेच्या ईस्टरिजपर्यंत रात्रभर धावणारी २२ क्रमांकाची बस अनेक वर्षे लोकांच्या झोपेची सोय करत असे. तिला ‘हॉटेल २२’ असेच म्हणत, आणि शेवटच्या थांब्यावर सर्वांनी उतरून पुन्हा चढण्याचा व्यायामही त्यात मिळे. मोटार असेल तर उत्तमच. पालो आल्टोने २०१३ साली मोटारीत राहण्यावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी २०२० साली अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करण्यास मनाई केली, आणि तिथले बरेच रस्ते अरुंद आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. सॅन होजेत एकाच जागी बहात्तर तास गाडी उभी राहिली, तर ती उचलून नेता येते. म्हणजे घर चालवता येणे हा इथे चैनीचा नव्हे, अस्तित्वाचा भाग आहे.

या सगळ्याबद्दल शेजाऱ्यांवर रागावू नये. १९७८च्या ‘प्रॉपोझिशन १३’ या जनमताने मंजूर झालेल्या कायद्याने त्यांचा मालमत्ता कर खरेदीच्या किमतीशी बांधून वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढण्यापासून वाचवला आहे, आणि सॅन होजेतील निवासी जमिनीपैकी ९४ टक्के जमीन अलीकडेपर्यंत स्वतंत्र एककुटुंबी घरांसाठी राखलेली होती, त्याला ते काय करणार? जवळच्या सॅन माटेओ काउंटीतील वुडसाइड या श्रीमंत गावाने तर २०२२ साली, जादा घरे बांधू देणाऱ्या नव्या कायद्यातून सुटण्यासाठी, आपले सबंध गाव माउंटन लायन या वन्यप्राण्याचा अधिवास असल्याचे जाहीर केले. राज्याच्या महाधिवक्त्याने डोळे वटारल्यावर काही दिवसांत ते मागे घेतले. आपली मराठी मंडळीही आता इथे घरमालक आहेत. गल्लीच्या टोकाला चार मजली इमारत येणार म्हटले, की ‘शाळेत गर्दी होईल’ या चिंतेने सभेला जातात, आणि त्याच आठवड्यात गणेशोत्सवात अन्नदानाच्या पेटीत सढळ हाताने टाकतात. दोन्ही कामे मनापासून करतात, हे विशेष.

न्यायालयाचेही लक्ष आपल्याकडे आहे. ओरेगनमधील ग्रँट्स पास या गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की निवारा उपलब्ध नसला तरी उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करणे ही क्रूर शिक्षा नव्हे. त्या गावचा दंड २९५ डॉलर होता, थकला की ५३७ डॉलर ६० सेंट. भाडे परवडत नसेल, तर दंडाचा दर ताडून पाहावा. महिन्यातून दहाएक वेळाच पकडले गेलात, तर हिशेब घरभाड्याइतकाच बसतो. सॅन होजेने पुढच्या वर्षी याहून पुढे जाऊन, देऊ केलेला निवारा तीनदा नाकारणाऱ्याला अटक करण्याची वाट मोकळी केली. निदान त्या खोलीचे भाडे लागत नाही.

आता राहिले ते भाडे अनुदानाचे व्हाउचर. देशभरात पात्र कुटुंबांपैकी साधारण चारांतील एकाला अशी काही मदत मिळते, म्हणून इथे अर्जदारांची सोडत काढतात आणि नंतर वर्षानुवर्षे वाट पाहायला लावतात. आपला क्रमांक लागला की कार्यालय पत्र पाठवते. पत्राला मुदतीत उत्तर आले नाही, किंवा ते पत्त्यावर कोणी न सापडल्याने परत गेले, तर नाव यादीतून कमी होऊ शकते. म्हणून दरम्यानच्या काळात आपला पत्ता बदलल्यास तसे कार्यालयाला वेळीच लेखी कळवावे.