अहिल्याबाईंनी मुलाला रथाखाली घातलं नव्हतं: दरवर्षी फिरणाऱ्या एका गोष्टीचा प्रतिवाद

अहिल्योत्सवाच्या पालखीचे दिवस जवळ आले की इंदुरातल्या मराठी ग्रुपांवर एक गोष्ट हमखास फिरायला लागते. २०२५ मध्ये अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती होती, तेव्हा तर ती सगळीकडून येत होती. राजवाडा बघायला आलेल्या पाहुण्यांना आपण तीच सांगतो आणि शाळेच्या भाषणांत मुलंही तीच म्हणतात.

गोष्ट अशी. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव होळकर राजवाड्याजवळून रथात बसून भरधाव निघाले. एक वासरू चाकाखाली येऊन मेलं आणि गाय त्याच्यापाशी बसून राहिली. अहिल्याबाईंनी ते पाहिलं आणि सुनेला विचारलं, "आईदेखत तिचं लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी?" सून म्हणाली, "तीच." मग मालेरावांना हातपाय बांधून रस्त्यावर टाकलं. रथ हाकायला कुणी धजेना, तेव्हा अहिल्याबाई स्वतः रथावर चढल्या. पण ती गायच पुन्हापुन्हा आडवी आली, म्हणून मुलगा वाचला आणि त्या जागेला आडा बाजार नाव पडलं. दुसऱ्या एका पाठात गाय येतच नाही, मालेराव खरंच चिरडले जातात. तिसऱ्यात रथाऐवजी हत्ती आहे. तिन्हींचा शेवट एकाच वाक्याने होतो: न्यायापुढे पोटचा मुलगाही मोठा नाही, अशी आमची देवी.

ही गोष्ट खरी नाही. ती पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात अहिल्याबाईंबद्दल भक्तीच असते हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी सगळ्यात साधी गोष्ट, सत्ता कुणाच्या हातात होती ती. गोष्टीत अहिल्याबाई राज्यकर्त्या आहेत आणि मालेराव त्यांच्यासमोर उभा असलेला गुन्हेगार. प्रत्यक्षात अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव होळकर मे १७६६ मध्ये आलमपूरला वारले. तोपर्यंत दौलतीचे धनी तेच होते. अहिल्याबाई त्यांच्या हाताखाली कारभार बघत, रसद आणि तोफखान्याची व्यवस्था लावत. मल्हाररावांनंतर सुभेदारीची वस्त्रं आली ती मालेरावांना. म्हणजे मालेराव जिवंत असेपर्यंत एकतर आजोबा मालक होते, नाहीतर मालेराव स्वतः. दौलत अहिल्याबाईंच्या हाती आली ती १७६७ मध्ये, मुलगा गेल्यानंतर. राज्यकर्ती म्हणून मुलाचा न्याय करायला बसण्याचा दिवस त्यांच्या आयुष्यात आलाच नाही.

जागेचंही तेच. फॉरवर्डसोबत सात मजली राजवाड्याचा फोटो असतो आणि त्याच दारातून रथ निघाला असं वाचणाऱ्याला वाटतं. होळकरांचा वाडा तिथे होता, पण १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून जाळलं त्यात तोही जळाला. आज दिसतो तो राजवाडा बराचसा १८१८ नंतरचा आहे, इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली तेव्हाचा. अहिल्याबाईंनी राज्य केलं ते महेश्वरहून. आडा बाजाराच्या नावावरून काही सिद्ध होत नाही. नाव आधी असतं, त्याला शोभेशी कथा मागून चिकटते, हे आपल्याकडच्या कितीतरी गावांच्या बाबतीत झालेलं आहे.

आता ही गोष्ट मुळात कुणाची, ते बघू. तमिळनाडूतल्या तिरुवारूरला जाऊन ती सांगा, शाळकरी मुलगाही म्हणेल की ही तर मनुनीती चोळन राजाची. राजाने वाड्याच्या दाराशी घंटा टांगली होती, गाऱ्हाणं असेल त्याने ती ओढायची. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेलं आणि गायीने येऊन घंटा ओढली. मंत्री शिक्षा अमलात आणायला तयार होईना, तेव्हा राजाने स्वतः मुलाच्या अंगावरून रथ नेला. शेवटी शिव प्रकट होतो आणि सगळे जिवंत होतात. बाराव्या शतकातल्या पेरियपुराण या तमिळ ग्रंथात ही कथा आहे. त्याच्या कितीतरी आधीच्या सिलप्पदिकारम या तमिळ महाकाव्यात नायिका कण्णगी पांड्य राजाला आपली ओळख सांगताना याच राजाचा दाखला देते. श्रीलंकेच्या महावंस या जुन्या बखरीतही एळार राजाच्या नावाने तीच घंटा आहे, तीच गाय आणि तेच चाक. मद्रास हायकोर्टाच्या आवारात या राजाचा पुतळा उभा आहे. वाहन, वासरू, गाय, कुणीही हात लावायला तयार नसणं, मग आईनं किंवा बापानं स्वतः पुढे होणं: एकेक दुवा जुळतो. अहिल्याबाईंच्या जन्माआधी हजार वर्षांहून जुनी असलेली कथा इंदुरात आल्यावर तिला फक्त आपली नावं लागली.

मग मालेरावांचं खरं काय झालं? इथे थोडं थांबायला हवं, कारण गोष्टीने झाकलेलं सगळं इथेच आहे.

आपल्याकडे यावर जवळच्या काळातला म्हणावा असा तपशील जॉन मॅल्कमने दिला आहे. महिदपूरच्या लढाईत, डिसेंबर १८१७ मध्ये, होळकरांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या इंग्रज सैन्यातला हा एक सेनापती. पुढे माळव्याचा कारभार बघताना त्याने अहिल्याबाईंना ओळखणाऱ्या माणसांना विचारून माहिती जमवली आणि १८२३ मध्ये ती छापली. पराभूत घराण्याची खुशामत करण्याचं त्याला कारण नव्हतं. तो लिहितो की मालेराव मनाने दुबळे आणि लहरी होते. ब्राह्मणांना दान द्यायच्या कपड्यांत आणि जोड्यांत विंचू घालून ठेवायचे आणि त्यांची फजिती बघून हसायचे. आई हे बघून रडायची.

मग एक खून झाला. वाड्यातल्या एका बाईशी संबंध असल्याच्या संशयावरून मालेरावांनी भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला मारून टाकलं. तो निर्दोष होता असं नंतर कळलं आणि मालेरावांना वेडाचे झटके येऊ लागले. त्या कारागिराचं भूत अंगात आलंय, अशी लोकांची खात्री झाली. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या बिछान्यापाशी बसून राहिल्या. त्या भुताशी बोलत होत्या, त्याची विनवणी करत होत्या. तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, माझ्या मुलाला सोड. मुलाच्या तोंडून उत्तर यायचं की त्याने मला निरपराध मारलं, मी त्याचा जीव घेणार. सुभेदारीचं वर्ष पुरं व्हायच्या आत, १७६७ मध्ये, मालेराव गेले.

ते भूत होतं की अपराधाने पोखरलेलं मन, हे वाचणाऱ्याने आपापलं ठरवावं. मला खुपतं ते वेगळंच. खऱ्या इतिहासात मेला तो माणूस. हाताने काम करून पोट भरणारा, मागे घरची माणसं असलेला एक कारागीर. फॉरवर्डमध्ये त्याच्या जागी वासरू आलं आणि माणूस पुसला गेला. वासराच्या गोष्टीत सगळ्यांची सुटका होते. गाय क्षमा करते, मुलगा वाचतो, आईची कीर्ती वाढते. कारागिराच्या गोष्टीत कुणाचीच होत नाही. त्या बिछान्यापाशी बसलेली बाई मुलावर जीव ओवाळून टाकते आहे आणि मुलाने केलं ते अक्षम्य आहे हेही तिला कळतंय. मारलेल्याच्या घरच्यांचं आपण देणं लागतो, हे जहागिरीच्या बोलण्यातून ती कबूल करते आहे. आपल्या संतमालिकेत शोभेल अशी चकचकीत मूर्ती यातून घडत नाही. पण मला या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात, रथावर चढलेल्या बाईपुढे नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. अहिल्याबाईंनी स्वतःच मुलाला मारवलं, अशी कुजबूज मॅल्कमच्याही कानावर आली होती. त्याने खोलात जाऊन चौकशी केली आणि ती खोटी ठरवली. ती कुजबूज कौतुकाची नव्हती. आईने मुलाचा काटा काढला, असा तो आरोप होता. आज तोच आरोप आपण न्यायप्रियतेचा दाखला म्हणून पुढे पाठवतो आहोत. देवीची भक्ती म्हणून देवीवरचं किटाळ वाटलं जातंय, आणि खाली हात जोडलेले इमोजी आहेत.

तो आरोप खरा असता तर त्याचा उपयोग करणारे त्या वेळी दारातच उभे होते. मालेराव गेल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना एखादं लहान मूल दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवायचा होता. अहिल्याबाई ऐकेनात, तेव्हा त्यांनी राघोबादादांना बोलावलं आणि दादा फौज घेऊन उज्जैनकडे आले. अहिल्याबाईंना बाजूला सारायला त्यांना निमित्तच हवं होतं. 'हिने मुलगा मारला' यापेक्षा सोयीचं निमित्त कुठलं? पण झालं उलटं. अहिल्याबाईंनी लढायची तयारी केली, इतर सरदारांना लिहिलं, आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांनी चुलत्याला आवरून दौलत अहिल्याबाईंकडेच ठेवली. पदरी एकही मुलगा उरलेला नाही, नवरा १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेलेला, सासरा वर्षापूर्वी गेलेला, आणि समोर पेशव्यांचा चुलता. धैर्याची गोष्ट सांगायची तर ही सांगा. हिच्यात एकही वासरू लागत नाही.

"कर्तव्यापुढे त्यांनी ममता बाजूला ठेवली" हे त्या फॉरवर्डमधलं सगळ्यांना भावणारं वाक्य. त्याला उत्तर म्हणून १७९१ सालचं महेश्वर पुरेसं आहे. मुलगी मुक्ताबाई हिचा मुलगा आधीच गेला होता. मग जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी तिची परोपरीने विनवणी केली. राज्याची मालकीण मुलीच्या पाया पडली म्हणावं इतकी. मुलगी ऐकेना. माझं आता कुणी उरलं नाही, तुम्ही गेल्यावर मी काय करू, असं तिचं म्हणणं होतं. कुंभेरीला मल्हाररावांनी याच अहिल्याबाईंना चितेवर जाण्यापासून परावृत्त केलं होतं, पण त्यांना स्वतःच्या मुलीला थांबवता आलं नाही. चिता पेटली तेव्हा दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. त्या ओरडत होत्या, स्वतःच्या हातांना चावत होत्या. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या आणि तीन दिवस ना अन्न घेतलं, ना कुणाशी बोलल्या. मग पुन्हा कारभाराला बसल्या. ममता बाजूला ठेवलेली बाई ही नव्हे.

काहीजण म्हणतात, ही गोष्ट काढून घेतली तर त्यांचा न्याय मुलांना कसा सांगायचा? सिरोंजची हकिकत सांगा. तिथला एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. दत्तक घ्यायचा तर आधी मोठी रक्कम भर, असं कमाविसदार, म्हणजे महसूल गोळा करणारा अधिकारी, विधवेला धमकावू लागला. ती मुलाला घेऊन थेट महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी कमाविसदाराला कामावरून काढलं, दत्तक मंजूर केलं, त्या मुलाला मांडीवर घेतलं, कपडे-दागिने दिले आणि पालखीत बसवून घरी पाठवलं. पैसा घेतला नाही. भिल्लांचं सांगा. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिलकवडी हा कर घ्यायचा त्यांचा जुना हक्क अहिल्याबाईंनी मान्य केला आणि बदल्यात वाटसरूंच्या रक्षणाची, चोरीला गेलेल्या मालाच्या भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

आणि निष्ठेचं सांगायचं तर तुकोजी होळकरांचं. मल्हाररावांच्या पोटचे नसलेले तुकोजी फौजेचे सरदार झाले. वयाने मोठे असूनही अहिल्याबाईंना आई म्हणत राहिले. पैशावरून दोघांत कुरबुरी झाल्या, पत्रांतून त्या दिसतात. तरी तलवार एकाकडे आणि खजिना दुसरीकडे अशी ही व्यवस्था १७९५ मध्ये अहिल्याबाई जाईपर्यंत, म्हणजे २८ वर्षं, टिकली. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या घराण्यात असं झालं, ते आठवून बघा.

शेवटचा मुद्दा: "गोष्टच तर आहे, मुलांवर संस्कार होतात, कशाला मोडता घालायचा?" कल्पित गोष्टीला माझा काही विरोध नाही. मनुनीती चोळनाची कथा सुंदर आहे. ती त्याच्याच नावाने सांगावी, घंटेसकट. पण जिच्या जन्ममृत्यूच्या तारखा आपल्याला ठाऊक आहेत, जिची पत्रं उपलब्ध आहेत, अशा बाईच्या हातात दुसऱ्याच्या रथाचा लगाम देऊ नये. यंदा ती गोष्ट तुमच्या ग्रुपवर आली तर पाठवणाऱ्याशी भांडू नका. त्याला एवढंच लिहा: मालेराव १७६७ मध्ये आजाराने गेले, आई शेवटपर्यंत उशाशी होती, आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला तो एक भरतकाम करणारा कारागीर होता.