वाचवण्याजोगा जीव कसा निवडावा

निसर्ग वाचवायचं मनावर घेतलंत, उत्तम. पण मंडईत वांगी घेताना देठ बघता ना, तसा जीवही पारखून घ्यावा. उद्या डीपीला तोच ठेवायचाय.

सध्या दोन नग सुचवतो. पहिली वाकिटा. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात राहते. देवमासे-डॉल्फिनच्या गोतावळ्यातली सर्वात छोटी, जेमतेम दीड मीटर. डोळ्यांत काजळ घातल्यासारखी, ओठही काळे रंगवलेले. वाकिटा म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘छोटी गाय’. आपल्याकडे असती तर मिरवणूक निघाली असती! दुसरं, इंग्लंडच्या डर्बीशरमधलं एक मॉस (ओल्या दगडावर उगवणारी इवली वनस्पती), थॅम्नोब्रायम अँगुस्टिफोलियम. अख्ख्या जगात एकाच ठिकाणी, झऱ्याकाठच्या चुनखडीच्या खडकावर उगवतं. सगळा संसार साधारण तीन चौरस मीटरचा, म्हणजे मुंबईतली मोरी.

निवड अवघड नाही. मॉसला डोळे नाहीत. खरी मुळंही नाहीत, दगडाला धरून ठेवायला नुसते मूलाभ. सेल्फी कशाबरोबर काढणार? आणि व्याह्यांना काय सांगणार, ‘आमची सून शेवाळ वाचवते’? (मॉस म्हणजे शेवाळ नव्हे, हे शाळेत शिकलो होतो, कोण लक्षात ठेवतो.) श्रावणात आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर हिरवी मखमल चढते. वाकून पाहिलं तर केसाएवढ्या देठांवर इवल्या तपकिरी टोप्या. दसऱ्याआधी आम्ही ती तारेच्या ब्रशने खरवडतो, ब्लीचिंग पावडर मारतो आणि मग घरात जाऊन डॉल्फिनचे व्हिडिओ बघतो.

तेव्हा वाकिटाच घ्या. फक्त तिचं पुढे काय झालं ते विचारू नका. 1997 च्या मोजणीत सहाशेच्या घरात होती, आता दहाच्या आसपास आहे. तिच्या वाईटावर कुणी नाही हो. टोटोआबा माशासाठी लावलेल्या गिलनेट नावाच्या जाळ्यात ती अडकते, श्वास घ्यायला वर येता येत नाही, गुदमरते. टोटोआबाचा बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, चीनमध्ये सोन्याच्या भावाने जातो. पालघरकडे घोळीच्या बोताला भाव येतो, तसलाच प्रकार. 2017 साली ठरलं, उरलेल्यांना पकडून सांभाळू. शोधायला अमेरिकी नौदलाचे शिकवलेले डॉल्फिन आणले. एक मोठी मादी हाती लागली. काही तासांत मेली. मोहीम गुंडाळली.

मॉसचं असलं कौतुक कुणी केलं नाही. 1981 च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्याच्या यादीत नाव आहे, उपटायला बंदी आहे, बस. त्याचं मागणं एवढंच, झरा आटू नये आणि पाणी घाण होऊ नये. ना नौदल, ना डॉल्फिन. असल्या कामात फोटो निघत नाहीत, म्हणून म्हणतो, नादाला लागू नका.

वाकिटाचे टी-शर्ट मात्र जरा बेताने छापा. प्राण्यांपेक्षा टी-शर्ट जास्त झाले तर बरं दिसत नाही. आमचा छापणारा म्हणतो, पन्नासच्या खाली ऑर्डर घेत नाही.